चंद्रज्योतीची ढेप

२४ ऑक्टोबर २०२३, मंगळवार. दसरा. सकाळी ६.१०

नवी डायरी सुरू केली. कंपनीने दिलेली. कव्हरवर हिरवं पान आणि पानाच्या टोकाला डिझेलचा थेंब. साल २०२१ छापलेलं आहे, पण खोडून वापरता येते. कागद जाड आहे.

संकल्प: नेमाने लिहिणार. खरं तेच लिहिणार. दुसरं कोणी वाचणारच नाही, मग खोटं कशाला लिहू?

पहिल्या पानावर नाव-पत्त्याची जागा आहे. भरली. किसनराव काळमेघ, निवृत्त कृषी पर्यवेक्षक (एकतीस वर्षं सर्व्हिस), मु. निंभोरी, ता. दर्यापूर. खाली ‘व्यवसाय’ होतं. तिथे ‘इंधन उत्पादक’ लिहिलं. लिहिताना अंगावर काटा आला.

चंद्रज्योतीला, म्हणजे जट्रोफाला, यंदा तिसरं वर्ष. माझे चार एकर आणि गावाची ई-क्लासची, म्हणजे ढोरांच्या चराईची, अठरा एकर. ग्रामसभेत ठराव मीच मांडला, मीच वाचला, टाळ्याही आधी मीच वाजवल्या. बियांचं तेल, तेलाचं डिझेल, गावचा ट्रॅक्टर गावच्या तेलावर! कंपनीचा अनुप तेव्हाच म्हणाला होता, सर, पाणी नको, खत नको, फवारणी नको, आणि जनावर तोंड लावत नाही म्हणून राखणही नको. ढोर तोंडसुद्धा लावत नाही! याहून चांगलं पीक कोणतं?

संध्याकाळी ७

देवमन सोनं द्यायला आला. सोबत बैल. बैलांशिवाय हा माणूस कुठेच जात नाही. सोन्या आणि बादशा. गावात ट्रॅक्टर आल्यापासून तीनच जोड्या उरल्या, त्यात ही सगळ्यात देखणी. यांच्यावरच देवमनचं घर चालतं. गावाची डवरणी, पेरणी, गाडी-भाडं, सगळं.

शाळेत आम्ही एका बाकावर होतो. मी ऑफिसर झालो तेव्हापासून तो मला सायेब म्हणतो, ‘तुमी’ म्हणतो. म्हण असं मी कधी म्हटलं नाही. नको असंही म्हटलं नाही.

चंद्रज्योतीकडे बघून म्हणाला, सायेब, ज्याले ढोर तोंड लावत नाई, ते मानसाच्या काय कामाचं? त्याला सायन्स नाही. मी राग धरत नाही. पण इथे लिहून ठेवतो. पुढच्या दसऱ्याला याचे बैल कोठ्यात बसून असतील आणि याच्या वावरात माझ्या तेलाचा ट्रॅक्टर चालेल.

९ नोव्हेंबर, गुरुवार

तोडणी सुरू. एक गोष्ट अनुपने सांगितली नव्हती. एकाच झुपक्यात एक फळ हिरवं, एक पिवळं, एक काळं. काळं तेवढंच घ्यायचं. म्हणजे एका झाडाकडे महिन्यात पाच-सहा खेपा. दुर्गाबाई चार बाया घेऊन आली आणि दुपारी निघूनही गेली. म्हणे, कापूस वेचाचा सोडून हे दाने कोन निवडत बसन? आमाले पोट नाई का?

जाता जाता चार बिया फोडून खाल्ल्या तिनं. शेंगदाण्यावानी लागते म्हणाली. दिवेलागणीला उलट्या. दर्यापूरला नेऊन सलाईन लावली.

अॅसिडिटी असणार. काळा चहा फार पिते ती बाई.

१० नोव्हेंबर

दुर्गाबाई बरी आहे. तोडणीला कोणीही आलं नाही. गाव कामचुकार आहे, दुसरं काही नाही.

२७ नोव्हेंबर, सोमवार

कौंडण्यपूरच्या यात्रेत दोनशे पत्रकं वाटली. ‘चंद्रज्योत लावा, देश वाचवा.’ निघताना मुरमुरे घेतले. पुडीचा कागद ओळखीचा वाटला. उलगडून पाहिला तर माझंच पत्रक. म्हणजे प्रचार तळागाळात पोचतो आहे.

१० जानेवारी २०२४, बुधवार

तोडणी संपली. शेवटी मी आणि बायको सुभद्रा, दोघंच होतो. तिच्या हाताला खाज सुटली, तिसऱ्या दिवसापासून मी एकटा.

अनुपच्या म्हणण्याप्रमाणे झाडाला चार किलो. बावीस एकरांत ऐंशी टन धरले होते. भरले तीन क्विंटल साठ किलो. हरकत नाही. पाण्याविना झाड जगतं हे तर सिद्ध झालं. पाण्याविना फळ धरत नाही, हा वेगळा मुद्दा आहे.

माल न्यायला गाडी कधी येते ते विचारायला अनुपला फोन केला. स्विच ऑफ. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. फिल्डवर असेल बिचारा. धारणीकडे गेला असेल, तिकडे रेंज नसते.

६ फेब्रुवारी, मंगळवार. अकोला

निर्णय घेतला. कंपनीवाचून अडत नाही. तेल स्वतः काढायचं.

जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे नबीभाईचा तेलघाणा आहे. सर्व्हिसपासूनची ओळख. पोती उघडून बघितली आणि माणूस दोन पावलं मागे सरकला. सायेब, ये तो रतनजोत हाय, तुमची चंद्रज्योत. खायच्या तेलाच्या घान्यात नाई टाकनार. मागे एक मोडका घाणा होता, त्यात पिळून दिलं. हात साबणाने तीनदा धुतले. मला वाटतं वय झालं आता त्याचं, वहम वाढतो.

तेल नव्वद लिटर! पिवळंधमक. आणि ढेपीची, म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीची, नऊ पोती.

ढेपीवरून नबीभाईने फारच लावून धरलं. म्हणे सायेब, ही ढेप जनावराले नका देऊ. माझ्या चाच्याच्या तीन बकऱ्या गेल्या असंच. खत म्हनून गाडून टाका. पोती सरकीच्या ढेपीची, जुनी. घोटाळा होईल म्हणून त्याने जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या फाडल्या आणि प्रत्येक पोत्याच्या गळ्याला एकेक बांधली. गाठ मारताना दर वेळी म्हणत होता, भूल मत जाना. नऊ वेळा.

७ फेब्रुवारी

टेम्पोवाला फाट्यावरच पोती टाकून गेला. देवमनने बैलगाडीतून घरी आणली. सोन्या-बादशा रस्ताभर फुरफुरत होते. देवमनला नवल वाटलं. गाडी तर ते हसतखेळत ओढतात.

त्याने विचारलं, लाल चिंध्या कायच्या जी? मी म्हटलं, नबीभाईच्या दुकानाची खूण आहे. उगीच गावभर चर्चा नको.

संध्याकाळी चिंध्या सोडून घडी करून ठेवल्या. चांगलं लुगडं होतं. लाल रंगाने उगाच धोका असल्यासारखं दिसतं.

२८ मार्च, गुरुवार

डोकं उठलं. देवमन सकाळी येऊन बसला. कुटार संपलं, कडबा परवडत नाही, ई-क्लासच्या कुंपनाची तार सोडा जी, चंद्रज्योतीच्या मधात गवत हाय, बैल तेवढे फिरवतो. म्हणाला, तीन वर्सं झाली, गावची ढोरं रस्त्याच्या कडंनं चरून राह्यली. निम्म्या लोकायनं तर विकून टाकली.

तार सोडता येत नाही. करार आहे. कंपनी कुठे आहे हा प्रश्न निराळा, करार जागेवर आहे. मी शांतपणे समजावलं. तो बादशाच्या बरगड्यांवरून हात फिरवत होता. त्या दिसत होत्या, हे मान्य.

दुपारी जेवताना एकदम लखकन सुचलं! गवत माझ्या पिकाने घेतलं ना? मग चाराही माझंच पीक देईल. कोठीत नऊ पोती ढेप पडली आहे. तेल ट्रॅक्टरला, ढेप बैलाला. वाया काही जात नाही. एकतीस वर्षांत हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी देवमनला सांगितलं.  तो म्हणाला, बैल हायेत सायेब, डेमो प्लॉट नाई. आधी तुमच्या घरी चारून पाहा.

ठीक आहे. चॅलेंज मंजूर.

१२ एप्रिल, शुक्रवार

ट्रायल क्र. १. मोबाईलवर पाहिलं, उष्णता दिली की यातलं विष जातं. व्हिडिओ कोणत्या भाषेत होता कळलं नाही, पण पातेलं दिसत होतं. एक किलो ढेप दोन तास उकळली. सुभद्राच्या शेळीपुढे ठेवली.

शेळीने वास घेतला, शिंकली आणि पाठ फिरवली.

निष्कर्ष: प्रश्न विषाचा नाही, चवीचा आहे.

१३ एप्रिल

ट्रायल क्र. २. गूळ घातला. मूठभर खाल्लं! सुभद्रा बाजारात होती.

१४ एप्रिल

शेळी बसून आहे. हगवण. सुभद्रानं काय चारलं विचारलं. मी म्हटलं ऊन किती आहे बघ. ती म्हणाली, ऊन काय आजच पडलं? शेळीला ताकात काहीतरी कालवून पाजलं आणि रात्रभर तिच्यापाशी बसली.

१७ एप्रिल

शेळी उभी राहिली. ट्रायल यशस्वी. शेळी जिवंत आहे, याहून मोठा पुरावा काय देणार?

सुभद्रानं शेळी बहिणीकडे पाठवून दिली. कारण सांगितलं नाही. कोठीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. दुसरी किल्ली माझ्याकडे आहे हे तिला माहीत नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार. दुपारी १२

ऐतिहासिक दिवस.

झेंडावंदनानंतर ग्रामपंचायतीपुढे डेमो. ट्रॅक्टरवाल्याने ऐन वेळी पाय मागे घेतला, म्हणून माझं विहिरीवरचं जुनं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन आणून मांडलं. तेल धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळलेलं. सरपंच खुशालराव अध्यक्ष. मी हँडल मारलं. चालू झालं! गावच्या मातीतलं तेल, गावचं इंजिन, माझे डोळे भरून आले.

अकरा मिनिटं चाललं. मग सरपंचांच्या भाषणात आधी पांढरा धूर, मग काळा, मग एक उचकी देऊन बंद. सरपंचांचा सदरा काळा झाला. मेकॅनिकने नोझल काढून दाखवलं, आत गोंद साचल्यासारखं होतं. म्हणाला, सायेब, कच्च्या तेलानं इंजिन जाते, त्याले कारखान्यात पिरोशेस कराव लागते.

अकरा मिनिटं म्हणजे कमी नाहीत. मोठ्या शोधांची सुरुवात याहून लहान झाली असेल.

लोक हसत पांगले. देवमन मात्र हसला नाही. इंजिन परत न्यायला बैलगाडी घेऊन आला. वाटेत म्हणाला, मनाले लावून घेऊ नका जी, मेहनत त तुमी केली. मला त्याचा भयंकर राग आला. लोक हसले त्याचा एवढा नाही आला.

२० ऑगस्ट

अनुप सापडला! व्हॉट्सअॅपवर. नवा नंबर, नवा फोटो. स्टेटसला हिरवंगार हत्तीगवत. ‘नेपियर लावा, गॅस बनवा. पाणी कमी, खर्च कमी, खरेदीची हमी.’ मेसेज केला, माझ्या चंद्रज्योतीचं काय? दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

सुभद्रा म्हणाली, उपटून टाका ती झाडं. मी तिला सांगितलं, एक पोळा जाऊ दे. पोळ्याला गाव बघेल.

काय बघेल ते सांगितलं नाही.

१ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी

आज खांदशेकणी. उद्या पोळा. वर्षभर जू ओढलेल्या बैलांचे खांदे हळद-लोण्याने चोळायचे आणि त्यांना जेवायचं आमंत्रण द्यायचं. देवमनची जोडी पहिला घास आमच्या दारी खाते, ही त्याच्या आणि माझ्या बापापासूनची रीत. सर्व्हिसमध्ये असतानाही मी पोळ्याची सुटी कधी सोडली नाही.

लोणी मी स्वतः लावलं. सोन्या खांदा पुढे करतो, सवय आहे. बादशा हात चाटतो. मग दोघांच्या कानाशी वाकून म्हटलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. देवमन हात जोडून उभा होता. दर वर्षी त्याचे डोळे पाणावतात, यंदाही.

योजना पक्की. ढेप तीन तास उकळणार (शेळीच्या वेळी दोनच तास उकळली होती, तिथेच चुकलं), गूळ दुप्पट, वरून सरकी, मोठे मोठे लाडू. सगळ्यांनाच चारणार होतो, पण बाकीच्या दोन जोड्यांचे मालक परवापासून माझी वाट सोडून जातात. हरकत नाही. देवमनची जोडी पुरे. त्याला आधी सांगायचं नाही. आठ दिवसांनी बैल तुकतुकीत दिसले की सांगायचं, हीच ती ढेप! मग बघू कोण डेमो प्लॉट म्हणतं.

२ सप्टेंबर, सोमवार. पोळा. संध्याकाळी ७.३०

जमलं!!

तोरण तुटलं आणि देवमन जोडी घेऊन थेट आमच्या दारी. झूल जुनीच, पण धुतलेली. शिंगांना बेगड. गोंडे चिखलात पडून खराब झाले होते म्हणून मी नबीभाईच्या लाल चिंध्या आणून शिंगांना बांधल्या. शोभून दिसल्या. देवमन हसला, बैलायले नबीभाईच्या दुकानात बसवता का जी?

सुभद्रा आरतीचं ताट आणायला आत गेली आणि मी घमेलं पुढे सरकवलं. सोन्याने वास घेतला, मान वर केली, देवमनकडे बघितलं. देवमन त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, खाय बेटा, सायेबाच्या दारचं हाय.

आणि खाल्लं! सोन्याने घमेलं चाटून पुसून साफ केलं. बादशाने तीन-चार खाऊन बाकीचे ढकलले, तो पहिल्यापासून नखरेल. सुभद्रा बाहेर आली तोवर पुरणपोळी द्यायची तेवढी उरली होती. तिने घमेल्याकडे बघून काय व्हतं विचारलं. सरकी आणि गूळ, मी म्हटलं. खोटं नाही, त्यात सरकी होती.

आज झोप छान लागेल.

३ सप्टेंबर, मंगळवार. तान्हा पोळा. सकाळी ६.४०

देवमनचा निरोप आला. सोन्या उठत नाही. पुरण जास्त झालं असेल म्हटलं. पुरण बैलाला जड पडतं. हिंगाचं पाणी पाजायला सांगितलं.

सकाळी ९

गेलो होतो. कोठ्यात वास. सोन्याला रक्ताची हगवण. बादशाही आडवा, पण मान वर आहे. देवमनची बायको भागीरथा दोघांच्या मधोमध बसून पदराने माश्या हाकलत होती. मला बघून म्हणाली, सायेब आले, आता बरं होईन. मी एकतीस वर्षं सर्व्हिस केली, असा विश्वास कुठे पाहिला नाही.

सकाळी ११

दर्यापूरहून डॉक्टर सीमाताई आल्या. नवीन आहेत, पण हाताला घाई आहे. सारखं विचारत होत्या, काय खाल्लं? काही विषारी पोटात गेलंय. काय ते कळलं तर काही करता येईल. देवमन म्हणाला, आमच्या घरचं कुटार आन् सायेबाच्या दारचा नैवेद्य. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, पुरणपोळी.

आता डायरीत लिहून ठेवतो, की मला तेव्हा खात्री नव्हती. तीन तास उकळली होती. खात्री नसताना काहीतरी बोलून डॉक्टरची दिशाभूल करणं बरोबर झालं नसतं.

दुपारी ४.१५

सोन्या गेला. बाहेर पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत होती. आमच्याही दारी आली. सुभद्रानं त्यांच्या हातावर खाऊ ठेवला आणि दार लावून घेतलं. मग कोठीत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. बाहेर आली तेव्हा एवढंच म्हणाली, एक पोतं उघडं हाय.

४ सप्टेंबर

बादशा वाचला. उभं राहता येत नाही, पण पाणी पितो. म्हणजे पन्नास टक्के. जगात कुठल्याही पहिल्या प्रयोगात पन्नास टक्के म्हणजे...

पुढे लिहवलं नाही.

सोन्याला ई-क्लासमध्ये पुरला. तार मीच सोडली. चंद्रज्योतीच्या दोन ओळींमध्ये माती मऊ होती. खड्डा भरल्यावर देवमन माझ्यापाशी येऊन म्हणाला, सायेब, जाता जाता तुमच्या दारचं पोटभर जेवून गेला, तेवढंच समाधान.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

५ सप्टेंबर

सुभद्रा बोलत नाही. सकाळी एकच वाक्य. तुमी सांगता का मी सांगू? मी म्हटलं, योग्य वेळी सांगतो. त्याला सावरू दे.

दुपारी ती कुठेतरी गेली होती. कोठीतली पोती मोजली. सात बंद, एक उघडं. नववं नाही. मोजण्यात चूक झाली असेल. परत मोजली.

९ सप्टेंबर

नुकसानभरपाईच्या अर्जात मदत करायची म्हणून देवमनकडे निघालो होतो. अर्धा मजकूर तयार होता. ‘मृत्यूचे कारण: अज्ञात.’ पारापर्यंत गेलो. त्याच्या दारात बादशा एकटाच बांधलेला. जोडीतला एक बैल काय कामाचा, ना नांगराला ना गाडीला. तो माझ्याकडे बघत होता. उन्हाचा त्रास होतो मला आजकाल. परत आलो.

उद्या नक्की सांगणार.

१२ सप्टेंबर

उद्या नक्की.

१४ सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळी

देवमन आला. आज पहिल्यांदाच एकटा, बैलांशिवाय. फाटकाच्या आत आला नाही. मी खुर्ची दिली, बसला नाही. तान्ह्या पोळ्यापासून मनगटाला लाल चिंधी बांधून आहे. सोन्याच्या शिंगाची.

म्हणाला, उद्या सोन्याची तेरवी. मग माझ्या डोळ्यांत बघून, एकेक शब्द सावकाश, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

आणि वळून गेला.

त्याचा अर्थ सरळ आहे. मनात काही नाही त्याच्या. रीत आहे, तेरवीला बोलावतातच. बैलाचं आवतन माणसाला देतात का, ते मला माहीत नाही. दुःखात माणूस काहीही बोलतो.

सुभद्राला विचारलं, येणार ना? ती म्हणाली, मी कावून नाई येनार? मग मीच म्हटलं, एक पोतं कमी आहे, तुला माहीत आहे का? ती म्हणाली, मीच देऊन आली त्याले. सांगूनबी आली. पाचव्या तारखेले.

म्हणजे नऊ दिवस त्याला माहीत आहे. आणि पोतं त्याच्याकडे आहे.

उद्या बहुतेक जायला जमणार नाही. पोट जड आहे.

१५ सप्टेंबर, रविवार. सकाळी ९

सुभद्रा केव्हाची गेली, भाकऱ्या थापायला. जाताना म्हणाली, तुमी न गेल्यानं बैल परत येनार हाय का?

जाणार. घाबरायचं कारणच नाही. माझी ढेप निर्धोक आहे हे मीच सांगत आलो. घरून दोन पोळ्या खाऊन जातो, म्हणजे तिथे फार खावं लागणार नाही.

दुपारी ३

गेलो. पन्नासेक माणसं. अंगणात सोन्याचा फोटो, त्याला हार, फोटोत तो पट, म्हणजे बैलांची शर्यत, जिंकून उभा आहे. दाराच्या उजव्या हाताला माझं पोतं ठेवलेलं. बंद. गळ्याला चिंधी परत बांधलेली. येणारा-जाणारा विचारत होता, हे काय हाय? भागीरथा प्रत्येकाला सांगत होती, इख हाय, जहर हाय, ढोरायपासून दूर ठेवा. कोणाच्या घरचं ते सांगत नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणजे माहीत होतंच.

पंगतीत मला पहिलं ताट. देवमनने स्वतः वाढलं. वांग्याची भाजी, भाकर, बुंदीचा लाडू.

लाडू गोल होता. मी बांधले होते तेवढाच.

हात पुढे होईना. पंगत सुरू झाली, सगळे जेवायला लागले, मी बसून. पाणी प्यायलो. परत पाणी प्यायलो.  सुभद्रा समोर भाकऱ्यांची दुरडी घेऊन उभी, बघत होती. बादशा खुंट्याला उभा, तोही बघत होता. पाय अजून लटपटतात त्याचे.

देवमनने पाहिलं. वाढायचं भांडं खाली ठेवलं आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला. माझ्या ताटातला लाडू उचलला, अर्धा तोडला आणि खाल्ला. मग भाजीचा एक घास. मग भाकरीचा. सावकाश चावून गिळलं. उरलेला अर्धा लाडू परत माझ्या ताटात ठेवला.

आणि म्हणाला, खाय किसना. दारी आलेल्याले आमी इख नाई चारत.

किसना म्हणाला. चाळीस वर्षांनी.

मी जेवलो. पूर्ण ताट जेवलो, लाडूसकट. भाजीत मीठ होतं की नाही, काही आठवत नाही.